कायद्याची तोंडओळख : चोरी की जबरी चोरी?



नवरात्रात आपल्या एका मावशींची सोनसाखळी बसस्टॉपवर कुणीतरी ओढून नेली. पोलिसांना फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "साखळी गेली." मी शेजारी होतो, पण फरक मलाही ठाऊक नव्हता. मी रसायनशास्त्रवाला, वकील नव्हे. म्हणून नंतर वाचून काढलं.

इंग्लंड-वेल्समधल्या १९६८ च्या थेफ्ट अ‍ॅक्टनुसार चोरीला पाच गोष्टी लागतात : मालमत्ता, ती दुसऱ्याची असणं, ती आपलीच असल्यासारखी घेणं, अप्रामाणिकपणा आणि कायमची हिरावण्याचा हेतू. पाचांतली एक नसली तरी चोरी होत नाही. कार्यक्रमानंतर चुकून दुसऱ्याची छत्री नेणारा चोर नव्हे!

जबरी चोरीत याशिवाय बळ हवं. तेही चोरीच्या अगदी आधी किंवा चोरी करतानाच, आणि चोरीसाठीच वापरलेलं. 'आत्ता इथेच मारीन' अशी भीती घातली तरी पुरे. चोरीला जास्तीत जास्त ७ वर्षं कैद, जबरी चोरीला जन्मठेप.

सीमारेषा बारीक आहे. बाईच्या हातातली बास्केट हिसडा देऊन खेचणाऱ्याची जबरी चोरीची शिक्षा १९८७ मध्ये अपिलात कायम झाली. बोटांतली सिगारेट अलगद हिसकावणं मात्र २०१२ मध्ये नुसती चोरी ठरलं.

तेव्हा मंडळी, नुसतं "गेली" म्हणू नका. ओढली का, ढकललं का, धमकावलं का, कुठे लागलं, सगळं सांगा. मावशींच्या मानेवर लाल वळ होता. तो त्यांनी पदराखाली झाकून घेतला होता.