पैसा कुणाचा, शरीर कुणाचे?

विद्यापीठीय संशोधनासाठी खासगी फाउंडेशनचा पैसा घ्यावा का, या वादात आपण देणाऱ्याचा हेतू तपासून थांबतो. गर्भनिरोधक गोळीचेच पाहा. अमेरिकेत सरकार पैसा देत नव्हते, विद्यापीठे अंग चोरत होती. तेव्हा, १९५३ पासून, कॅथरीन मॅकॉर्मिक या मताधिकार चळवळीतल्या कार्यकर्तीने ग्रेगरी पिंकस आणि हार्वर्डचे जॉन रॉक यांच्या संशोधनामागे आपली संपत्ती उभी केली. हेतू निखळ स्त्रीवादी. पण १९५६ मध्ये मोठी चाचणी झाली ती प्वेर्तो रिकोतल्या गरीब बायकांवर. हा प्रयोग आहे, हे त्यांना सांगितलेच नाही. मळमळ, चक्कर, डोकेदुखीच्या तक्रारी तिथल्या डॉक्टर एड्रिस राइस-रे यांनी कळवल्या. पिंकसनी त्या मनाचे खेळ ठरवल्या. (बायकांच्या दुखण्याचे हे निदान आपल्या ओळखीचेच!)

आपल्याकडेही २००९ मध्ये गेट्स फाउंडेशनच्या पैशातून ‘पाथ’ या संस्थेने खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्ही लस दिली, तेव्हा कितीतरी संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या.

म्हणून देणगीचा करार समोर आला की आधी एवढे विचारू या: ज्यांच्या शरीरावर प्रयोग होणार, त्या बायकांना तो थांबवण्याचा अधिकार कोणत्या कलमात दिला आहे?