आधी झाडे मोजा, मग परवाना द्या

जुलै 2025 मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळीची कल्लू, म्हणजे ताडी, पिऊन माणसे दगावली आणि शहरातली कल्लू कंपाउंड कायमची बंद करा, ही मागणी जोर धरू लागली. मराठवाड्यात ज्याला शिंदीखाना म्हणत, त्यातलाच हा प्रकार: साधी बाकडी, समोर शिंदीची नाहीतर ताडाची कल्लू, तोंडी लावायला तळलेली बोटी किंवा उकडलेले हरभरे. या शहराचा अस्सल देशी पब कुठला म्हणाल तर हाच. लोकांचा संताप रास्त आहे, पण बंदीचा उपाय एकदा करून झाला आहे. 2004 मध्ये शहरातली ही दुकाने बंद केली गेली, 2014 मध्ये नव्या तेलंगण सरकारने ती पुन्हा उघडली. मधल्या दहा वर्षांत पिणारा काही ताकावर आला नसावा. परवान्याची दारू होतीच.

भेसळीचे मूळ झाडाशी आहे. पहाटे मडके उतरवताना रस गोड असतो, निसर्गतःच तो आंबू लागतो, दुपारपर्यंत चढतो आणि दुसऱ्या दिवशी आंबट ढाण होतो. असा माल ना साठवता येतो, ना फार लांबून आणता येतो. शहर पसरले, झाडे गेली, गिऱ्हाईक मात्र राहिले. ती तूट मग पाणी, सॅकरिन आणि अल्प्राझोलम किंवा क्लोरल हायड्रेटसारख्या गुंगीच्या औषधांनी भरून काढली जाते. गुंगीची सवय लागलेल्याला खरी कल्लू पाणचट लागते, म्हणून प्रामाणिक दुकानदारही टिकत नाही. ब्रिटनमध्ये पिंपातच आंबत राहणाऱ्या बिअरसाठी 1971 मध्ये ‘कॅम्रा’ ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली. आपल्याकडे कल्लूच्या अस्सलपणाची चौकशी माणसे मेल्यावर होते.

गरिबाने प्यावेच कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. निजामाचे अबकारी उत्पन्न बुडवायला मुक्तिसंग्रामात शिंदीची झाडे तोडली गेली, हे मराठवाडा विसरलेला नाही. पण ज्या शहरात मायक्रोब्रुअरीला परवानगी मिळते, जिथे हुसेनसागरच्या काठी 2023 मध्ये सरकारी नीरा कॅफे सुरू झाला, तिथे नीतीचा धडा फक्त मजुरालाच का? परवाना नोंदलेल्या झाडांशी बांधावा, झाडांना झेपेल तेवढेच लिटर विकू द्यावेत आणि विक्रीआधी नमुना तपासावा. त्या हिशेबात शहरातली निम्मी कंपाउंड बंद पडली तरी हरकत नाही.