चांदाची नोंद कोण करणार?

गेल्या काही आठवड्यांत नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडून आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे. म्हैस गेली, विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला होता, पैसे मात्र नामंजूर. वरवर कारण कानातल्या बिल्ल्याचे. खरे कारण त्याच्यामागे आहे, ते म्हणजे आरोग्य दाखल्यावरचे वर्णन.

एक प्रकरण नीट पाहू. पूर्णाकाठची भुरी म्हैस, तिसऱ्या वेताची. कपाळावर ठळक पांढरा चांद, चारही पाय गुडघ्याखाली पांढरे, गोंडा पांढरा. काटेरी कुंपणात कान फाटला आणि बिल्ला पडला. नवा मारून घ्यायच्या आत म्हैस पोट फुगून दगावली. पंचनाम्याच्या फोटोत म्हैस भुरी, आणि दाखल्यावर ‘रंग काळा, शिंगे मागे वळलेली, गोंडा पांढरा, विशेष खूण नाही’. विमावाल्यांनी विचारले, ही तीच म्हैस कशावरून? दावा गेला. आम्ही त्याच गावातले आणखी दाखले मागवले. प्रत्येक म्हशीचे वर्णन शब्दाला शब्द हेच! ज्या कागदाने जनावर ओळखायचे, त्या कागदावर गावातल्या सगळ्या म्हशी एकसारख्या.

बारा आकडी बिल्ला हवाच, त्याला आमचा विरोध नाही. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री बंद झाली, तेव्हाही आम्ही या आदेशाची बाजू घेतली होती. पण बिल्ला प्लास्टिकचा असतो, तो पडतो, आणि चिखलात लोळणाऱ्या, कुंपणाला कान घासणाऱ्या म्हशीच्या कानातला तर हमखास पडतो. जन्मखूण पडत नाही. गर्भातच त्या जागेपर्यंत रंगपेशी पोचलेल्या नसतात, म्हणून तो डाग मरेपर्यंत तिथेच राहतो. दाव्याने घासून मानेवर आलेले पांढरे केस वेगळे, ते वेगळे लिहावेत. पशुवैद्यकांना हा फरक आम्ही शिकवायला नको. दवाखान्यात माणसे कमी आहेत, एकेकाकडे दोन-दोन ठिकाणचा कारभार आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. पण कपाळाकडे बघून ‘चांद आहे’ एवढे लिहायला किती वेळ लागतो?

हा प्रश्न विम्यापुरता नाही. पूर्णाथडी म्हशीला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी मिळाली, ती २०२३ च्या जानेवारीत जाहीर झाली. अकोला, अमरावती आणि आपला बुलढाणा हे तिचे घर. खारपाणपट्ट्यात कुटार आणि कडब्यावर टिकणारी, पांढरट ते फिकट तपकिरी अंगाची, म्हणजेच भुरी, अशी ही म्हैस. नागपुरी काळी, तोंडावर, पायांवर आणि शेपटीच्या टोकाला पांढरी. मुऱ्हा काळीभोर, पांढरे असलेच तर बहुधा गोंड्यापुरते. म्हणजे गोठ्यात उभे राहून जात ओळखायची तर पहिली नजर अंगाच्या रंगावर आणि या पांढऱ्या डागांवरच जाते. तेच दाखल्यावर ‘काळा’ आणि ‘गावठी’ म्हणून लिहिले, तर नोंदणीचा उपयोग काय? ज्या जातीची म्हैस कागदावर नाही, तिच्यासाठी निवडक रेडे आणि रेतमात्रा मागायच्या कोणत्या आधारावर? मग मिळेल ती मुऱ्ह्याची कांडी भरायची, आणि दोन-तीन पिढ्यांत पूर्णाथडी फक्त नोंदणीच्या यादीत उरायची. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या तोराजा लोकांत काळ्या-पांढऱ्या डागांच्या रेड्याला साध्या रेड्याच्या कित्येक पट भाव मिळतो, डाग कुठे आणि कसा यावर सौदा ठरतो. आपल्याकडे बाजारात दलाल चांदावर बोट ठेवून ‘ही मुऱ्हा नाही’ म्हणतो आणि भाव पाडतो. मालकही मान खाली घालून ऐकून घेतो. का ऐकता? ती मुऱ्हा नाहीच, पूर्णाथडी आहे, हे छातीठोकपणे सांगा.

आणि आता आपल्याच सभासदांना. कोऱ्या फॉर्मवर सही करून देणारे तुम्हीच ना? डॉक्टर येणार म्हणून माहीत असताना म्हैस थेट डोहातून आणून उभी करणारेही तुम्हीच. काळ्या मातीने लिंपलेली भुरी काळीच दिसते, तिचे पांढरे पाय दिसणार कसे? तपासणीच्या आधी म्हैस धुऊन उभी करा. दाखला हातात पडला की तिथेच वाचा, चांद, पाय, गोंडा आणि रंग लिहिलेला नसेल तर दुरुस्त करून घेतल्याशिवाय डॉक्टरांना गाडीवर बसू देऊ नका. दोन्ही बाजूंनी, समोरून, मागून आणि कानातल्या बिल्ल्याचा जवळून असे फोटो काढा, तारखेसह जपून ठेवा. बिल्ला पडला तर त्याच दिवशी विमा कंपनीला लेखी कळवा, पोच घ्या, नवा मारून घ्या. ‘पाहू पुढच्या आठवड्यात’ म्हणणाऱ्यांचीच पत्रे आमच्याकडे जास्त आली आहेत.

ज्यांच्या भुऱ्या म्हशीच्या दाखल्यावर ‘रंग काळा’ लिहिलेले आहे, त्यांनी दाखल्याची प्रत आणि म्हशीचा फोटो या महिनाअखेरपर्यंत आमच्या कार्यालयात पाठवावा. हे सगळे एकत्र बांधून आम्ही जिल्ह्याच्या पशुसंवर्धन उपायुक्तांकडे नेणार आहोत, आणि विशेष खुणांचा रकाना कोरा असलेला दाखला ग्राह्य धरू नये, असा लेखी आदेश मागणार आहोत. सोबत येणाऱ्यांनी नाव कळवावे.