महिन्याला सूट नाही

चंद्र दिसला-न दिसल्याच्या भांडणावर दोन आठवड्यांपूर्वी लिहिलं, तेव्हाच ओळखलं होतं की आता पत्रं येणार. आली. त्यातली निम्मी नेहमीची, म्हणजे मी कोणत्या बाजूचा आहे हे मलाच समजावून सांगणारी. ती सोडून देऊ. एक मात्र तीन पानी आहे, सोबत पट्टी लावून आखलेला तक्ता. लिहिणारे गृहस्थ निवृत्त अभियंता. म्हणतात, ‘यंदा तुमचं बरं आहे, रमजान थंडी सरता सरता आला. पण तुमच्या पंचांगात आमच्यासारखा अधिक महिना घातलात, तर तो कायमचा थंडीतच राहील. दिवस लहान, तहान कमी. एवढी साधी दुरुस्ती चौदाशे वर्षांत कुणाला सुचू नये?’

सुचली होती साहेब. सुचली म्हणून तर बंद करावी लागली.

इस्लामच्या आधीपासून अरबांत चार महिने पवित्र मानले जात: जिल्काद, जिल्हज, मोहरम आणि रजब. त्यांत लढाई वर्ज्य. (रमजान या चारांत नाही, हे कित्येक मुसलमानांनाही ठाऊक नसतं. त्याचा मान कुराण त्या महिन्यात उतरलं म्हणून.) यातले पहिले तीन लागोपाठ येतात. तीन-तीन महिने तलवार म्यानात ठेवणं टोळ्यांना जड जायचं. मग मोहरमचं पावित्र्य पुढच्या सफर महिन्यावर ढकलायचं आणि मोहरमात हाणामाऱ्या उरकून घ्यायच्या. याला ‘नसी’ म्हणत. काही अभ्यासकांच्या मते नसी म्हणजे चक्क अधिक महिनाच. कुराणातल्या सूरह तौबाच्या छत्तिसाव्या आयतीत महिने बारा आणि त्यांतले चार पवित्र असं सांगितलंय, आणि लगेच सदतिसाव्या आयतीत या सरकवासरकवीला सपशेल नकार आहे. तेव्हापासून चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं ते तसंच राहिलं. सौरवर्षाच्या मागे दरसाल अकरा दिवस पडत पडत रमजान साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू हिंडून येतो. गंमत म्हणजे त्याच्या नावाचा धातूच मुळी रखरखीत उन्हाचा.

आता अधिक महिन्याकडे बघा. यंदाच आहे, १७ मे ते १५ जून, अधिक ज्येष्ठ. धोंड्याचा महिना. शेजारच्या काकूंच्या लेकीचं गेल्या वर्षी लग्न झालं, त्यामुळे त्या घरात आत्तापासून अनारशांचा विषय आहे. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, आणि जावयाच्या वाणाला अनारसे मोजून तेहतीस. (रमजानच्या फेरीचाही आकडा तोच. याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण स्तंभ लिहिणाऱ्याला असे योगायोग सोडवत नाहीत.) हा महिना घातला नाही तर श्रावण उन्हाळ्यात जाईल, दिवाळी पेरणीच्या तोंडावर येईल. कुणबिकीवर जगणाऱ्या मुलखाचं पंचांग असंच हवं. मला त्यात काडीची खोट दिसत नाही. आमच्या घरातही पेरण्या मृगावरच झाल्या, मोहरमवर नाही. फक्त दोन्हीकडचा हिशेब वेगळा आहे. इकडे सण ऋतूच्या दावणीला बांधला, तिकडे दावं सोडून दिलं.

आणि दावं सोडलं नसतं तर? धरा, अभियंतासाहेबांचं ऐकून रमजान डिसेंबरात कायम केला. रत्नागिरीचे लोक खूश. पण त्याच किनाऱ्यावरून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केपटाउनला जाऊन राहिलेल्या कोकणी मुसलमानांनी काय करायचं? तिकडे डिसेंबरात ऐन उन्हाळा. त्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या लांबलचक रोजे, आणि आपण इकडे आखूड दिवसात पुण्य गोळा करणार. हिंडणारा महिना प्रत्येकाच्या दारात आज ना उद्या उन्हाळा घेऊन जातो.

आपल्याकडे म्हणाल तर तासांचा फरक फार नाही. डिसेंबरात रोजा सव्वाबारा तासांचा, जूनमध्ये साडेचौदाच्या आसपास. पण घसा तास मोजत नाही, ऊन मोजतो.

१९८३ सालचा रमजान जूनच्या मध्याला लागला. मी दहा वर्षांचा. आमचं रान सांगलीकडचं. मृगाने ओढ दिलेली, अब्बा सकाळपासून कुळवामागे. दुपारी जोहरच्या नमाजसाठी बैल सोडून विहिरीत उतरले आणि वुजू करायला बसले. ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात भरलं, गुळणी केली, थुंकलं. असं तीनदा. रोज्यात पाणी घशापर्यंत न्यायचं नसतं, ओठ-दात ओले करून सोडायचं. वरच्या पायरीवर बसून मी त्यांच्या गळ्याकडे टक लावली होती. घाटी हलते का बघत होतो. नाही हलली. पाणी गार होतं, विहिरीत आम्ही दोघंच. मी विचारलं, ‘‘अब्बा, घोटभर गिळलं तर कुणाला कळणार हाय?’’ त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘‘बैलास्नी पाणी दाव जा.’’

नमाज दिसते, जकात घेणाऱ्याला कळते, हजला गावच वेशीपर्यंत येतं. रोजा तेवढा दिसत नाही. म्हणून मला दरसाल त्या ‘रमजान स्पेशल’ खाद्यफेऱ्यांचा राग येतो. मोहम्मद अली रोडवर जा, मालपुवा जरूर खा, पण सूर्य मावळल्यावर पोचून रमजान पाहिला असं म्हणू नका. पुढाऱ्यांच्या इफ्तार पार्ट्यांवर मी आधीच पुरेसं डोकं आपटलंय, आज माफ करतो. दहा मिनिटांत कोथिंबीर घरपोच आणणाऱ्या त्या पोरांना मात्र माफी नाही, म्हणजे पोरांना नव्हे, मागवणाऱ्यांना. माझा पक्का संशय आहे की महिना आपल्या सोयीने हलवायची कल्पना याच सवयीतून येते. पुरावा नाही. अभियंतासाहेब मंडईत स्वतः पिशवी घेऊन जात असतील तर हे विधान मागे घेतो.

सोय धर्मात नाही असंही नाही. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई यांना रोजा सोडायची मुभा आहे. जितके सुटले तितके नंतर सवडीने धरायचे, याला आम्ही कजा म्हणतो. ज्याला कधीच जमणार नाही त्याने एकेका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचं. सूट माणसाला आहे, महिन्याला नाही.

राहता राहिला तक्ता. साहेब, तो मी ठेवून घेतलाय, अक्षर फार सुरेख आहे. मात्र सध्याच्या तारखांच्या रकान्यात २०३० समोर तुम्ही एकच रमजान लिहिलाय. त्या वर्षी दोन लागतात, एक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, दुसरा डिसेंबरच्या शेवटच्या. तेवढं दुरुस्त करा. आणि अब्बांच्या विहिरीवरचा तो जून २०१६ मध्ये एकदा येऊन गेला. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात रमजान लागेल तो २०४९ साली. तेव्हा मी शहात्तर वर्षांचा असेन.