मांडीवरचे यांत्रिक पिल्लू

जपानच्या शिबाता ताकानोरींनी १९९३ पासून खपून ‘पारो’ हे सीलचे यांत्रिक पिल्लू घडविले. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मांडीवर ते देतात. कुरवाळले की डोळे मिटते, आवाजाकडे मान वळविते. आधी मांजर करून पाहिले होते. पण खऱ्या मांजराशी तुलना होऊन ते (आम्हां मास्तरांच्या भाषेत) नापास झाले. सील कोणी पाळलाय?

‘शुद्ध फसवणूक!’ आमचे एक स्नेही कडाडले. हेच गृहस्थ, वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी, आईने विचारले की ‘बाजारात गेलेत’ म्हणतात. आणि बरेच करतात!

मला संताप येतो तो पिल्लू देऊन दार ओढून घेणाऱ्यांचा. वाचकहो, त्या पिल्लात वीज भरतात ती तोंडात चोखणी देऊन. निदान तेवढ्यासाठी तरी त्यांनी परत यावे!