चापाचा जडपणा



ऊसतोडणीचे दिवस होते. खोडव्याची पाहणी करण्यासाठी एका बागायतदाराच्या वस्तीवर गेलो होतो. पडवीत पाय ठेवला आणि थबकलो. जुन्या वर्तमानपत्रावर परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवले होते. शेजारी पेचकस, बारीक कानस, पॉलिश पेपर आणि आजोबांच्या मांडीला टेकून बसलेला सात वर्षांचा नातू.

“या साहेब,” अण्णा म्हणाले. “ह्याचा चाप लई जड हाय. जरा घासतो आन् स्प्रिंगचं एक वेटोळं कापतो. अमेरिकेत लोक घरीच करत्यात, मोबाइलवर बघितलं म्या.”

अण्णांचा हात कसबी. विहिरीवरचे इंजिन ते स्वतः खोलतात, फवारणी पंपाचा वायसर घरीच बदलतात. अशा माणसाला ‘तुम्हाला जमणार नाही’ म्हणणे बरे नव्हे. मी म्हणालो, “अण्णा, आधी गोळ्या काढल्यात का ते बघा.” त्यांनी सहाही घरे उघडून दाखवली. रिकामी होती. मग आम्ही बोलत बसलो.

रिव्हॉल्व्हरचा चाप जड का असतो? घोडा अंगठ्याने मागे ओढून ठेवला तर चाप हलका लागतो, कारण त्याला फक्त घोडा सोडायचा असतो. पण थेट चाप ओढला तर तोच चक्र फिरवतो, तोच घोडा मागे नेतो आणि तोच सोडतो. तीन कामे एका बोटाने करायची म्हटल्यावर जोर लागणारच.

आता कानशीचे पाहा. लोहार विळ्याला पाणी देतो ते धारेपुरते. पाणी दिलेला भाग घासून गेला की विळा वारंवार बोथटतो. घोडा आणि चाप आत जिथे एकमेकांना अडतात, त्या टोकांनाही पुष्कळदा असेच वरवरचे पाणी असते. ते खरवडले की खालचे मऊ लोखंड लवकर झिजते. मग मागे ओढलेला घोडा नुसत्या धक्क्यानेही सुटू शकतो. स्प्रिंग कापली तर उलट होते. घोडा हलका आपटतो आणि ऐन वेळी काडतूस पेटत नाही.

शिवाय पुष्कळ रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये येणारी एक छोटी सुरक्षा पट्टी असते. १९४४ साली अमेरिकन आरमाराच्या एका जहाजावर रिव्हॉल्व्हर हातातून पडले, गोळी सुटली आणि एक खलाशी दगावला. त्यानंतर कारखान्याला ती पट्टी नव्याने घडवावी लागली. कारखान्यालाही जिथे चूक दुरुस्त करावी लागली, तिथे पडवीत बसून हात घालू नये.

कायद्याचेही ऐका. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्र बाळगण्याचा परवाना वेगळा आणि दुरुस्तीचा वेगळा. विनापरवाना दुरुस्तीला २०१९ च्या सुधारणेनंतर किमान सात वर्षांची कैद आहे. ठासणीच्या पीकसंरक्षण बंदुकीलाही हाच नियम लागू आहे.

अण्णा अजून डळमळत होते. तेव्हा मी नातवाकडे बोट केले. “आज हा चाप ह्या पोराच्या बोटाला सहजासहजी ओढणार नाही. तुम्ही हलका केलात तर कुणासाठी केलात?”

पडवीत कुणी बोलले नाही. आतून वहिनी आल्या, त्यांनी कानस उचलली आणि माळ्यावर टाकली.

पुढच्या आठवड्यात अण्णा परवाना घेऊन तालुक्याच्या परवानाधारक कारागिराकडे गेले. आत वर्षानुवर्षांचे तेल वाळून चिकटा झाला होता. त्याने तो साफ केला. चाप पूर्वीपेक्षा मोकळा झाला, आणि एक कणही घासावा लागला नाही.

तेव्हा घरी एवढेच करावे :

पुसण्यापूर्वी प्रत्येक घर उघडून डोळ्यांनी पाहावे. ‘रिकामेच आहे’ या आठवणीवर विसंबू नये.

नळी आणि बाहेरचा भाग शस्त्राच्या पातळ तेलाने पुसावा. खोबरेल किंवा गोडेतेल लावू नये, ते चिकटते.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ठेवू नये. चामडे ओल धरते आणि लोखंड गंजते.

शस्त्र एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत. किल्ल्या पोरांना सापडू देऊ नयेत.

चाप अडखळू लागला, घोडा घसरू लागला, तर पेचकस न लावता कारागिराकडे न्यावे.

आपल्या शेतकऱ्याचा हात हुन्नरी आहे, याचा मला अभिमान वाटतो. पंप बिघडला तर पुन्हा खोलता येतो. सुटलेली गोळी मात्र परत घालता येत नाही.