आत कोण आहे?

कॉम्प्युटर बिघडतो, ही माझी तक्रार नाही. बिघडायला आमच्या शाखेचा पंखाही बिघडतो. माझी तक्रार ही, की या गृहस्थाला सगळं ठाऊक असतं आणि विचारलं की तो मूग गिळून बसतो.

नोव्हेंबरचंच घ्या. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यांचा महिना. तीस तारखेच्या आत दाखला नोंदला गेला नाही, तर पुढची पेन्शन अडकते. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, अंगठा टेकवून काम होतं, हे खरं. पण जन्मभर राबून ज्यांचा अंगठाच गुळगुळीत झालाय त्यांना मशीन ओळख देत नाही. ती मंडळी कागद घेऊन आमच्याकडे येतात. आलेल्या दाखल्यांची यादी आमच्या शाखेत एका एक्सेलच्या फाइलीत असते. फाइल एक, सर्व्हरवर ठेवलेली, आणि लिहिणारे आम्ही सात जण. समोर ब्याऐंशी वर्षांचे आजोबा, भांडुपहून रिक्षा करून आलेले. "साहेब, माझी नोंद झाली का?" फाइल उघडायला जावं तर पडद्यावर पाटी: दुसऱ्या कोणीतरी उघडली आहे. दुसऱ्या कोणीतरी! आता आजोबांना काय सांगू? की तुम्ही हयात आहात हे मला दिसतंय, पण ते लिहायच्या जागेवर कोणीतरी बसलंय, आणि कोण ते सांगायची आम्हाला परवानगी नाही?

माझं बालपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. सोळा बिऱ्हाडं आणि चार संडास. कडी आतून लागलेली असली तरी आत कोण आहे हे तिथे कधी गुपित नव्हतं. खोकल्यावरून माणूस ओळखू यायचा. खोकला नसेल तर बाहेरच्या चपला बोलायच्या. आणि दोन्ही नसेल तर रांगेतला पहिला माणूस सरळ दार वाजवून "कोण आहे आत?" म्हणून विचारायचा. आतून "आलो, आलो" एवढं तरी उत्तर यायलाच हवं, हा अलिखित नियम. लोकलमध्ये काय वेगळं आहे? उभा माणूस बसलेल्याला विचारतो, "कुठे उतरणार?" विक्रोळी म्हणाला तर त्याच्यासमोर पाय रोवायचे, अंबरनाथ म्हणाला तर पुढच्याला विचारायचं. यात कोणाला अपमान वाटत नाही. जागा अडवणाऱ्याने आपलं स्टेशन सांगायचं असतं. कॉम्प्युटर तेवढा खोकत नाही आणि स्टेशनही सांगत नाही.

तुम्ही म्हणाल, त्या बिचाऱ्याला तरी काय ठाऊक? अहो, त्यालाच तर ठाऊक असतं! एकाच फाइलीत दोघांना एकदम लिहू द्यायचं नाही, म्हणजे आधी कोण शिरलं हे टिपून ठेवणं आलंच. विंडोजच्या सर्व्हरवर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' उघडा, त्यात 'शेअर्ड फोल्डर्स', त्याच्या पोटात 'ओपन फाइल्स'. तिथे चक्क यादी असते: कोणती फाइल, कोणी उघडली, किती कुलपं, वाचायला की लिहायला. पण ही यादी बघण्याचा हक्क फक्त ॲडमिनिस्ट्रेटरचा. आणि आमचे ॲडमिनिस्ट्रेटर बसतात दुसऱ्या ऑफिसात, जिथला फोन कायम एंगेज.

एक्सेल आपल्यापुरती चिठ्ठीही ठेवतं. फाइल उघडली की शेजारी एक लपलेली छोटी फाइल तयार होते. तिच्या नावाआधी नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह, आणि पोटात उघडणाऱ्याचं नाव. पण हे नाव येतं कुठून? ऑफिस सॉफ्टवेअर बसवताना जे टाकलं असेल तिथून. आमच्याकडे बसवणाऱ्या पोराने सगळ्या मशीनांवर 'यूजर' असं टाकून ठेवलंय. म्हणजे नशीब जोरावर असलं की चोराचं नाव कळतं, आणि ते असतं 'यूजर'. शिवाय मशीन मध्येच बंद पडलं तर ती चिठ्ठी तशीच मागे राहते. मग माणूस घरी जाऊन जेवून झोपला तरी फाइल आपली त्याच्याच नावावर अडलेली!

गंमत बघा. नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची ही एसएमबी नावाची पद्धत आयबीएममधल्या बॅरी फायगेनबाउम यांनी १९८३ साली रचली. आणि त्याच १९८३ च्या सप्टेंबरात आपल्या बँक युनियनांचा इंडियन बँक्स असोसिएशनशी यंत्रं आणण्याबद्दल करार झाला. तोवर सगळा कारभार लेजरांवर. आमच्या शाखेतून रिटायर झालेले एक हेडकॅशियर सांगायचे, लेजर हवं असलं की जागेवरून नुसती हाक मारायची, "बचतचं तीन नंबर कुणाकडे?" दहा किलोचं बाड ते, लपवणार कुठे? कारकुनाला वरच्या साहेबाची परवानगी काढून ते शोधावं लागत नसे.

यावर वरून उत्तर मिळतं: सिक्युरिटी. हा शब्द ऐकला की मला घाम फुटतो, कारण त्यापुढे वाद खुंटतो. तरी घालतोच. फाइल जबरदस्तीने बंद करण्याचा हक्क ॲडमिनिस्ट्रेटरकडेच ठेवा, शंभर टक्के मान्य. भलत्याने बंद केली तर समोरच्याचं न साठवलेलं काम वाया जाईल. पण बघण्याने काय बिघडतं? ज्या सात जणांना फाइलीत लिहायचा हक्क आहे, त्यांना पेन्शनरांची नावं, खाती, सगळं दिसतंच. आठव्याला नको, या सातांना तरी एकमेकांचं नाव कळू द्या! खातेदाराचं वय आम्हाला चालतं आणि शेजारच्या टेबलाचं नाव मात्र गोपनीय, हा कुठला न्याय? बोलणी खायची खिडकीवरच्याने, आणि अडवणारा कोण हे ठाऊक फक्त त्याला, जो खिडकीपासून चार स्टेशनं लांब बसतो.

त्या दिवशी शेवटी मी उठलो आणि सहा टेबलं पालथी घातली. फाइल सहाव्यावर उघडी होती. खुर्चीवर रुमाल, माणूस जेवायला. आजोबा बाकावर पाऊण तास बसले होते. "असू दे हो, तुमचा काय दोष," असं वर तेच मला म्हणाले. हे मला जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी मी लेखी मागणी केली: प्रत्येक सामायिक फाइल कोणी उघडली आहे ते शाखेतल्या निदान त्या फाइलीवर काम करणाऱ्यांना दिसावं, आणि मशीनांवर 'यूजर'ऐवजी माणसांची नावं घालावीत. अर्ज वर गेल्याला आता वर्ष होत आलं. परवा फोन लागला, तेव्हा चौकशी केली. अर्ज विचाराधीन आहे म्हणाले. कोणाकडे आहे, असं विचारलं. म्हणाले, "आहे कोणातरी साहेबांकडे."